पंचवीस वचनांचं पत्र: पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र कसं वाचावं

बायबलच्या नव्या करारात पौल या पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती प्रेषिताच्या नावावर तेरा पत्रं आहेत. ती साधारणपणे मोठं आधी, लहान नंतर अशी लावलेली आहेत, त्यामुळे फिलेमोनाला लिहिलेलं पत्र सगळ्यांत शेवटी येतं. जेमतेम पानभर मजकूर. वचनं (म्हणजे क्रमांक घातलेल्या ओळी) २५, मूळ ग्रीक शब्द ३३५. पुष्कळ वाचक तीताच्या पत्रावरून थेट इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राकडे जातात आणि मधलं हे पान हाताखालून निसटतं. चौथ्या शतकातही काही जणांना हे पत्र फार किरकोळ वाटायचं. यात मोठा सिद्धांत नाही, शिकवण नाही, मग पवित्र शास्त्रात ते कशाला, असं विचारणाऱ्यांना जेरोम आणि ख्रिसोस्तम या त्या काळच्या दोन धर्मपंडितांनी उत्तरं दिली आहेत.

मला मात्र पौल वाचायला सुरुवात करण्यासाठी याच्याइतकं योग्य पत्र दुसरं दिसत नाही. रोमकरांस लिहिलेलं पत्र हातात घेऊन तिसऱ्या अध्यायात अडकलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत. इथे एक मालक आहे, फिलेमोन; एक गुलाम आहे, अनेसिम; एक कैदी आहे, खुद्द पौल; आणि त्या कैद्याने लिहिलेला एक कागद आहे. ख्रिस्ती असा किंवा नसा, दोन तास काढलेत तर पहिल्या शतकातल्या एका घराच्या आत तुम्ही पोचता.

सोबत पत्राची छापील प्रत ठेवा, शक्यतो दोन वेगळ्या मराठी भाषांतरांतली. दोन रंगांच्या पेन्सिली आणि कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्यायही हाताशी हवा. नावांची रूपं भाषांतरागणिक बदलतात. कुठे अनेसिम असतं, कुठे ओनेसिमस. वसईच्या कॅथलिक वाचकांना पौल ‘संत पॉल’ म्हणून ओळखीचा असतो. त्यावरून गोंधळू नका. या लेखात मी दिलेली वाक्यं कोणत्याही एका छापील भाषांतरातली नाहीत. मूळ अर्थाला धरून ती साध्या मराठीत मांडली आहेत.

आधी मोठ्याने वाचा, एका दमात

टिपा, प्रस्तावना काही न बघता पत्र मोठ्याने वाचून काढा. तीन-चार मिनिटं लागतील. हे पत्र ऐकण्यासाठीच लिहिलेलं होतं. रोमन साम्राज्याची सरकारी डाक होती, पण ती सरकारी कामापुरती. सामान्य माणसाचं पत्र त्या बाजूला जाणाऱ्या कोणाच्या तरी हातून जायचं, आणि पोचल्यावर जमलेल्या लोकांपुढे वाचलं जायचं. पहिल्या वाचनात सगळं कळलं नाही तरी चालेल. सूर मात्र पकडा: माणूस विनवतोय की हुकूम सोडतोय? जिथे दोन्ही एकदम वाटतं, तिथे समासात खूण करा. आठव्या वचनापाशी बहुतेकांची खूण पडते.

मायना नीट बघा

आपल्याकडे ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ यांवरून कोण कोणाला लिहितंय आणि नातं काय, ते पहिल्या ओळीतच कळायचं. ग्रीक पत्राचाही मायना ठरलेला असे: अमक्याकडून तमक्याला, नमस्कार. पौल याच साच्यात लिहितो, पण त्यात थोडे बदल करतो.

पहिला बदल स्वतःच्या ओळखीत आहे. इतर अनेक पत्रांत तो ‘प्रेषित पौल’ अशी सुरुवात करतो. इथे म्हणतो, ‘ख्रिस्त येशूचा बंदिवान पौल.’ मायन्यातच स्वतःला बंदिवान म्हणवून सुरू होणारं त्याचं पत्र हे एवढंच. ज्याच्यासाठी शब्द टाकायचा आहे तो गुलाम. लिहिणाराही मग अधिकाराची झूल उतरवून बेड्यांतला माणूस म्हणून पुढे येतो.

दुसरं, पत्र कोणाकोणाला आहे ते मोजा. फिलेमोन, अफ्फिया ही बहीण, अर्खिप्प हा ‘सहसैनिक’, आणि ‘तुझ्या घरातली मंडळी’. अफ्फिया बहुधा फिलेमोनाची बायको असावी असं परंपरेने मानलं जातं, पण पत्र तसं म्हणत नाही. ‘मंडळी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती भाषेत उपासनेला जमणाऱ्या समुदायासाठी रुळला आहे, आणि बोलताना आपण ‘घरची मंडळी’ म्हणतो ते कुटुंबासाठी. या पत्रात दोन्ही अर्थ एकत्र बसतात. त्या काळी प्रार्थनेसाठी वेगळी इमारत नव्हती. लोक कोणाच्या तरी घरी जमत, आणि जमायला जागा असलेलं घर म्हणजे बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी माणसाचं घर.

आता पेन्सिली घ्या. जिथे ‘तू, तुला, तुझा’ आहे तिथे एक रंग, जिथे ‘तुम्ही, तुम्हाला’ आहे तिथे दुसरा. ग्रीकमध्ये एकवचन आणि अनेकवचन वेगळं असतं. इंग्रजीत वाचणाऱ्याला हा भेद दिसतच नाही, मराठीत आपोआप हाती लागतो. (तुमच्या भाषांतरात फिलेमोनालाही आदराने ‘तुम्ही’ म्हटलं असेल तर दुसरं भाषांतर बघा.) रंगवून झाल्यावर दिसेल की सुरुवातीचा आशीर्वाद सगळ्यांना आहे, मधला सगळा मजकूर एकट्या फिलेमोनाला आहे, आणि शेवटी बाविसाव्या वचनात ‘तुमच्या प्रार्थनांनी’ म्हणताना आणि निरोपाच्या आशीर्वादात पुन्हा सगळे येतात. एका माणसाची खाजगी गोष्ट अख्ख्या घरासमोर बोलली जातेय. फिलेमोन जे ठरवेल ते आता चारचौघांत ठरणार आहे. पौलाने हे मुद्दाम केलं, असं मला ठामपणे वाटतं.

गाव आणि काळ

फिलेमोनाचं घर कलस्सै इथे होतं, असं सहसा धरतात. त्याला आधार कलस्सैकरांस पत्राचा आहे. तिथे चौथ्या अध्यायात अनेसिमाला ‘तुमच्यापैकीच एक’ म्हटलं आहे आणि अर्खिप्पालाही निरोप आहे. कलस्सै आजच्या तुर्कस्तानात, देनिझली शहराच्या जवळ, लायकस नदीच्या खोऱ्यात होतं. लावदिकीया आणि हेरापोली ही शेजारची गावं. कलस्सैची लोकर नावाजलेली होती, आणि तिच्या रंगालाच गावाचं नाव पडलं होतं.

पौल कुठे कैदेत होता, यावर अभ्यासकांत एकमत नाही. जुनी परंपरा रोम म्हणते, म्हणजे साधारण इ.स. ६० ते ६२. दुसरा पक्ष इफिस म्हणतो, मग काळ पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर येतो. कैसरियाचंही नाव घेतात. इफिस कलस्सैपासून सुमारे १९० किलोमीटरवर, आठवडाभराची पायी वाट. रोम दीड हजार किलोमीटरहून लांब, आणि मध्ये समुद्र. पौल बाविसाव्या वचनात ‘माझ्यासाठी राहायची खोली तयार ठेव’ म्हणतो, ते इफिसातून म्हणणं जास्त सहज वाटतं. मी इफिसाच्या बाजूने झुकते, पण पत्राचा अर्थ यावर अडत नाही, म्हणून इथे फार वेळ घालवू नका.

गुलामगिरीचं चित्र आधी डोळ्यांपुढे आणा

ही पायरी गाळली तर पत्र गोडगोड वाटायला लागतं. रोमन जगात गुलाम ही मालकाची मालमत्ता होती. युद्धात पकडलेले, कर्जात बुडालेले, गुलाम आईच्या पोटी जन्मलेले, उकिरड्यावरून उचललेली बाळं, असे गुलाम तयार होत. काही हिशेब ठेवत, मुलांना शिकवत. कित्येक खाणींत मरत. कायद्याच्या नजरेत त्यांचं लग्न म्हणजे लग्न नव्हतं आणि त्यांच्या बापाला बाप म्हणून काही स्थान नव्हतं. पळून गेलेला सापडला तर फटके, कपाळावर डाग. पुढच्या काळातले लोखंडी गळपट्टे सापडले आहेत, त्यांवर ‘मी पळालोय, मला धरा’ अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे. त्याच वेळी मालकाने गुलामाला मुक्त करणं हीही नेहमीची गोष्ट होती, आणि मुक्त झाल्यावरही जुन्या मालकाशी बांधिलकी उरायची.

हे सगळं दूरदेशीचं म्हणून वाचू नका. पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे बटकींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, किंमतीसकट.

अनेसिम या नावाचा अर्थ ‘उपयोगी’. गुलामांना ठेवलं जाणारं हे सर्रास नाव होतं. नावातच कामाची हमी.

आता शब्दांपाशी थांबा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. पत्राचा जीव या शब्दांत आहे.

दहावं वचन घ्या. पौल आत्तापर्यंत फिलेमोनाच्या प्रेमाचं कौतुक करत आलाय, पण कशासाठी लिहितोय ते सांगितलेलं नाही. मग ग्रीकमध्ये शब्दांचा क्रम असा येतो: ‘विनवतो तुला, माझ्या लेकरासाठी, ज्याला जन्म दिला मी या बेड्यांत, अनेसिम.’ नाव अगदी शेवटी. ऐकणाऱ्यांच्या कानावर आधी ‘लेकरू’ पडतं, मग ‘बेड्या’, आणि तोवर मन विरघळलेलं असताना त्या गुलामाचं नाव. तुमच्या भाषांतरात नाव आधी आलं असेल तर पेन्सिलीने ते शेवटी नेऊन परत वाचा.

लगेच अकराव्या वचनात शब्दांचा खेळ आहे. ‘पूर्वी तो तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मलाही उपयोगी आहे.’ नावाचा अर्थ माहीत असला की हे कळतं. विसाव्या वचनातही ‘मला तुझा लाभ होऊ दे’ म्हणताना पौल अनेसिम या नावाशी जुळणारं क्रियापद वापरतो. उपयोगी पडायची पाळी आता मालकाची.

पुढे एक शब्द तीनदा येतो, ७, १२ आणि २० या वचनांत. ग्रीकमधला त्याचा मूळ अर्थ ‘आतडी’. ग्रीकांच्या लेखी माया पोटात राहायची. भाषांतरात कुठे ‘अंतःकरण’, कुठे ‘जीव’, कुठे ‘हृदय’ असं होतं आणि तीन ठिकाणचा धागा तुटतो. मराठीला खरं तर हे भाषांतर करायचीही गरज नाही. आपलंही ‘आतडं तुटतं’, आपणही ‘आतड्याचं माणूस’ म्हणतो. तिन्ही जागी तोच शब्द घालून बघा. सातव्यात: तुझ्यामुळे पवित्र जनांच्या आतड्यांना विसावा मिळाला. बाराव्यात: त्याला परत पाठवतोय, म्हणजे माझं आतडंच पाठवतोय. विसाव्यात: माझ्या आतड्याला विसावा दे. सगळ्यांना विसावा देतोस ना, मग माझं आतडं हा अनेसिम आहे, त्याला दे. युक्तिवाद असा तीन टप्प्यांत उभा राहतो.

तिसरी गोष्ट आमच्या वाचनगटात मला एका आजोबांनी दाखवली. त्यांनी आयुष्यभर भुसार बाजारात दिवाणजी म्हणून काम केलं होतं. अठरावं वचन वाचलं तसे ते पुढे सरसावले आणि म्हणाले, ‘हे खातेवहीतलं बोलणं आहे.’ खरंच आहे. ‘त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या नावे मांड.’ ग्रीक शब्द हिशेबातलाच आहे, आणि जमा-नावे लिहिणाऱ्याला ‘माझ्या नावे मांड’ याहून नेमकं भाषांतर सापडणार नाही. सतराव्या वचनातला ‘भागीदार’ हा शब्द धंद्यातल्या भागीदारासाठीही वापरत. पंधराव्या वचनात ‘तो तुला कायमचा मिळावा’ इथे जे क्रियापद आहे, ते त्या काळच्या पावत्यांवर सापडतं, आपण ‘भरून पावलो’ लिहितो त्या अर्थाने. एकोणिसाव्यात तर पौल लेखनिकाच्या हातून लेखणी घेतो: ‘मी पौल माझ्या हाताने लिहितो, मी फेडीन.’ हे रोख्यावरचं बोलणं झालं. आणि त्याच ओळीत, सांगत नाही म्हणत म्हणत सांगून टाकतो, ‘तू स्वतःच माझं देणं लागतोस, ते मी काढत नाही.’

आजोबांनी मग खातं मांडून दाखवलं. अनेसिम फिलेमोनाचं देणं लागतो, ते पौलाच्या नावे. फिलेमोन तर स्वतःचं आयुष्यच पौलाला देणं लागतो. वजावट केली की फिलेमोनाच्या हातात मागायला काही उरत नाही. इतकं स्पष्ट मला कोणत्याही टीकाग्रंथाने समजावलं नव्हतं.

पत्र काय बोलत नाही, तेही लिहून काढा

एका कोऱ्या कागदावर तीन प्रश्न लिहा आणि उत्तर फक्त पत्रातून शोधा.

अनेसिम पळाला होता का? पत्रात ‘पळाला’ असा शब्द नाही. ‘तो थोडा वेळ दूर झाला’ एवढंच आहे, आणि तेही अशा रूपात की त्याला कोणीतरी दूर केलं असं वाटावं. पळाला असेल, हे जुनं आणि शक्य कोटीतलं मत. दुसरं मत असं की मालकाशी बिनसल्यावर तो मालकाच्या मित्राकडे रदबदलीसाठी गेला. रोमन कायद्याच्या संकलनात असं मत नोंदलेलं आहे की अशा हेतूने मित्राकडे गेलेला गुलाम फरारी धरायचा नाही.

त्याने चोरी केली होती का? ‘असेल तर’ असं आहे. प्रवचनांत मात्र तो सर्रास चोर ठरतो. त्याच्यावर हा डाग आपण लावला आहे.

पौल त्याला मुक्त कर म्हणतो का? सरळ नाही. सोळाव्या वचनात म्हणतो, ‘यापुढे गुलाम म्हणून नव्हे, तर गुलामाहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून,’ आणि पुढे जोडतो, ‘देहानेही आणि प्रभूमध्येही.’ ते ‘देहानेही’ अधोरेखित करा. केवळ प्रार्थनेच्या वेळी भाऊ आणि एरवी गुलाम, ही पळवाट त्याने बुजवली आहे. एकविसाव्यात ‘मी म्हणतो त्याहून जास्त तू करशील’ असं आहे. तरीही ‘मुक्त कर’ हे दोन शब्द तो लिहीत नाही, आणि पौलावर कितीही प्रेम असलं तरी हे दडपून वाचू नये. पळून आलेल्या गुलामाला धन्याच्या हवाली करू नका, ही आज्ञा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. पौलाला ती ठाऊक नसणं शक्य नव्हतं.

दोन पत्रं शेजारी ठेवा

एक कलस्सैकरांस. चौथ्या अध्यायातली शेवटची नावं फिलेमोनाच्या पत्रातल्या नावांशी जुळवा. एपफ्रास, मार्क, अरिस्तार्ख, देमास, लूक ही पाचही दोन्हीकडे आहेत. पण त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं असाही उपदेश आहे. कलस्सैकरांस पत्र खुद्द पौलाचं की त्याच्या शिष्याचं, यावर वाद आहे. फिलेमोनाच्या पत्राबाबत तो जवळपास नाही.

दुसरं पत्र रोमन अधिकारी धाकट्या प्लिनीचं, अर्धशतकानंतरचं. साबिनियानस नावाच्या मित्राचा एक मुक्त केलेला गुलाम त्याचा राग ओढवून प्लिनीच्या पायाशी येतो. प्लिनी रदबदली करतो: तो रडला, त्याला पश्चात्ताप झालाय, मी त्याला चांगला झापलाय, त्याच्या वयाकडे बघून सोडून दे. पत्र सज्जनपणाचं आहे. पण हे वाचून पौलाकडे या. अनेसिमाचे अश्रू नाहीत, माफीनामा नाही, त्याला झापल्याचा उल्लेखही नाही. ‘त्याच्यावर दया कर’ असंही नाही. ‘मला जसं घरात घेशील तसं त्याला घे,’ असं आहे. फरक तिथे दिसतो.

हे पत्र नंतर कोणी कसं वापरलं

अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात मालकवर्ग या पत्राचा आधार घ्यायचा: पौलाने पळालेल्याला परत पाठवलं, बघा. १८३३ साली जॉर्जियात चार्ल्स कॉलकॉक जोन्स या पाद्र्याने गुलामांपुढे यावर प्रवचन केलं आणि पळून जाणं पाप ठरवलं. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की निम्मे श्रोते उठून चालते झाले, आणि उरलेल्यांतल्या काहींनी असं पत्र पवित्र शास्त्रात नाहीच असं ठासून सांगितलं. सोळावं वचन त्या लोकांपर्यंत कधी पोचू दिलं होतं का, हा विचार ही नोंद वाचताना मला दर वेळी छळतो. आपल्या भाषेत, साध्या शब्दांत शास्त्र लोकांच्या हाती असण्याचं मोल इथे कळतं. पंडिता रमाबाई त्यासाठीच उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत भाषांतर करत बसल्या, आणि १९२२ साली मरण येईपर्यंत त्यांनी ते काम सोडलं नाही.

पुढे अनेसिमाचं काय झालं? दुसऱ्या शतकाच्या आरंभी इग्नाती या बिशपाच्या पत्रात इफिसच्या बिशपाचं नाव अनेसिम आहे. तोच का हा, सिद्ध करता येत नाही. पण कोणीतरी हा कागद फाडून न टाकता जपला, हे नक्की. त्याचा सर्वांत जुना ज्ञात तुकडा दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा, पपायरसवरचा, जर्मनीत कोलोनला आहे.

पुन्हा एकदा मोठ्याने, या वेळी माणसं बसवून

चार-पाच जण असाल तर हे जरूर करा. एकाने फिलेमोन म्हणून मध्ये बसायचं, बाकीच्यांनी त्याच्या भोवती घरची मंडळी म्हणून. एकाने दाराशी उभं राहायचं. तो अनेसिम. पत्र बहुधा त्यानेच आणलं होतं, म्हणजे वाचलं जात असताना तो तिथेच उभा होता. वाचणाऱ्याने घाई करू नये. नाव येतं तिथे, आणि ‘भाऊ’ येतं तिथे, थांबावं.

आमच्याकडे हे केलं तेव्हा दाराशी महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा उभा होता. सुरुवातीला तो हसत होता, दहाव्या वचनानंतर हसायचा थांबला. सतरावं वचन झालं, ‘मला घेशील तसं त्याला घे’, आणि सतरंजीच्या कडेला बसलेल्या एक मावशी, त्यांना कोणी काही सांगितलेलं नसताना, थोड्या बाजूला सरकल्या आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या.